पावसाळे मोजणारे सर

आमच्या सरांना कुणाचं वय विचारायची रीत ठाऊक नव्हती. ते पावसाळे विचारत. "बडोद्यात किती पावसाळे काढले?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तुमचे पावसाळे त्यांच्याहून जास्त भरले तर ते उठून उभे राहत आणि कमी भरले तर "बसा" म्हणत. पगार, पागोटं, जात, पदवी यांतलं काही मध्ये येत नसे.

त्यामुळे कॉलेजात भलतेच घोळ होत. आमचा म्हातारा शिपाई जन्मापासून बडोद्यातला. तो हजेरीपुस्तक घेऊन आला की सर खुर्ची सोडून उभे. तो बिचारा ओशाळून दारातच थांबायचा आणि म्हणायचा, "बेसो ने साहेब, बेसो." उलट प्रिन्सिपॉलसाहेब विलायतेहून येऊन तीनच पावसाळे झालेले. ते वर्गात डोकावले की सर बसल्या जागेवरून हसून मान हलवत. इतर प्रोफेसरांनी साहेबांची समजूत घातली होती की यांचे गुडघे दुखतात.

सरांचं म्हणणं असं की बुद्धाच्या भिक्षूंमध्ये मोठा कोण हे वयावरून ठरत नाही, संघात येऊन किती पावसाळे झाले त्यावरून ठरतं. "आणि आपण मराठीत काय म्हणतो? 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.' उन्हाळे का नाही म्हणत? हिवाळे का नाही?" संस्कृतचे शास्त्रीबुवा म्हणायचे, काहीतरीच, याला पुरावा काय? त्यावर सर म्हणत, "पुरावा नाही शास्त्रीबुवा. पण खोटं असायला हे फार चांगलं आहे."

सर मूळचे कोकणातले. तरुणपणी घर सोडून सिंहलद्वीपात गेले, तिथल्या विहारात राहून पाली शिकले आणि परत आले ते धड भिक्षू नाहीत, धड गृहस्थ नाहीत असे. धोतर, काळा कोट आणि छत्री. दुपारी बारानंतर जेवायचं नाही हा विहारातला नियम त्यांनी बडोद्यातही सोडला नाही. बडोदं म्हणजे जेवणावळींचं गाव. संध्याकाळच्या पंगतीला सर जात, पाटावर बसत, रिकाम्या पानासमोर दोन्ही बाजूंच्या लोकांशी मजेत गप्पा मारत आणि उठत. यजमानीणबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं राहायचं एवढंच.

घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती, आक्का. दोघांचाही चातुर्मास असे आणि दोघांचे दोन धर्म. आक्का कांदा, वांगी आणि झोपाळा सोडत. सर प्रवास सोडत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्षूने एका जागी राहावं, म्हणून सर बडोद्याबाहेर एक रात्रसुद्धा काढत नसत. "आपण भिक्षू नाही ना?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "नाही. पण त्यांचं अन्न खाल्लंय." आक्कांचा चातुर्मास कार्तिकीपर्यंत चाले, सरांचा महिनाभर आधी संपे. त्यावरून आक्का त्यांना दरवर्षी टोमणा मारत, "तुझ्या बुद्धाने महिन्याची सूट दिलीय. आमच्या विठोबाकडे असली लबाडी नाही."

महाराजांना सगळ्या धर्मांच्या अभ्यासाची आवड, म्हणून आमच्या कॉलेजात पालीचा वर्ग निघाला होता. वर्ग निघाला, विद्यार्थी निघाले नाहीत. दोन तास पाली आणि उरलेला वेळ खालच्या वर्गांना संस्कृत, अशी सरांची नोकरी. मी पाली घेतलं तेव्हा आमच्या आईने कपाळावर हात मारला. "भिंतीवर आहेत तेवढ्या पुरत नाहीत का गं तुला?" शेजारच्या वहिनी तर पुष्कळ दिवस समजत होत्या की मी सरपटणाऱ्या प्राण्यांचं काहीतरी शिकते. वर्गात मी आणि करजणचा एक पाटीदार मुलगा. तोही पुढे वकिलीकडे वळला आणि मी एकटी उरले.

पाठ्यपुस्तक नव्हतं. आम्हाला नेमलेल्या गाथा सरांकडे होत्या त्या सिंहली लिपीत छापलेल्या, गोल गोल, जिलब्या मांडाव्यात तशा. त्या ते वाचत, मी ऐके. लगेच लिहून घ्यायला सक्त मनाई. "आधी तोंडात, मग कागदात," हे त्यांचं शिकवणं. गाथा पाठ होऊन बिनचूक म्हणून दाखवली की मगच टाक उचलायचा. "कागद जळतो, भिजतो, वाळवी खाते. तोंडातलं तेवढं माणूस मरेपर्यंत टिकतं." मी म्हणे, "आणि माणूस विसरला तर?" सर म्हणत, "मग पुन्हा विचारायला यावं. त्यासाठीच दुसरा माणूस असतो."

या माणसाने आपल्या हाताने आपलं नुकसान कसं करून घेतलं ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मुंबईला पालीची मोठी जागा निघाली होती. बोलावणं आलं, पण भेटीची तारीख श्रावणातली. सर गेले नाहीत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून विचारलं, "तुमच्या नियमात काहीच सवलत नाही का?" सर म्हणाले, "आहे. सात दिवसांची मुभा आहे. आईबाप आजारी असले तर जावं. कुणी शिकायला-शिकवायला बोलावलं, शिकलेलं लोपून जाईल, या म्हणून निरोप धाडला, तर जावं. स्वतःच्या बढतीसाठी जावं असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं." साहेबांनी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर विनोद म्हणून सांगितली असं म्हणतात. मला मात्र ती ऐकून अभिमान वाटला होता आणि सरांचा थोडा रागही आला होता.

त्याच्या पुढच्या वर्षी वर्गावर संक्रांत आली. साहेबांनी स्वच्छ सांगितलं की दसऱ्याआधीच्या सहामाही परीक्षेला पालीचा एक तरी उमेदवार बसला पाहिजे. नाही बसला तर दिवाळीनंतर वर्ग बंद, आणि सरांनी पूर्ण वेळ रामः रामौ रामाः. उमेदवार म्हणजे मी. दुसरं होतं कोण?

आणि नेमक्या त्याच आषाढात डभोईला माझ्या सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्याने फळ्या बांधून त्यांना पलंगाला खिळवलं. माझे यजमान डभोईच्या कचेरीत कारकून. मी शिकण्यासाठी बडोद्याला माहेरी राहत होते ती सगळ्यांच्या मेहेरबानीने. आता कसलं शिकणं? सरांना सांगायला गेले तेव्हा गाथा निम्म्याच झाल्या होत्या. सर एवढंच म्हणाले, "सासूबाईंची सेवा करा. तीही महत्त्वाची." मी छोट्या गाडीने डभोईला आले आणि चुलीला लागले.

श्रावण गेला, गणपती गेले. सासूबाईंची पाठ पुसावी, कूस बदलावी, त्यांच्या शिव्या खाव्यात. त्या वाईट नव्हत्या. पण उभा जन्म घरभर फिरलेल्या बाईला आढ्याकडे बघत पडावं लागलं की तिने दुसरं करावं तरी काय? पोळ्या लाटता लाटता मी गाथा म्हणून बघे. रोज एखादी ओळ गळालेली असे. एक ओळ आठवली की दुसरी पळे. आणि बडोद्याहून सरांचं साधं विचारणंही नाही. मला फार लागलं ते. वाटलं, या माणसाला पावसाळे तेवढे मोजता येतात.

भाद्रपदाच्या शेवटी यजमानांना कचेरीच्या कामाने बडोद्याला जायचं होतं. मी म्हटलं, "सरांना सांगा, मी परीक्षेला बसत नाही. वाट बघू नका." दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या वेळेला दारात टांगा थांबला. यजमान उतरले आणि त्यांच्यामागून छत्री, काळा कोट आणि धोतराचा चिखलाने माखलेला काठ. सर!

सर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "आधी एक सांगा. गाथा विसरायला लागली आहे, येऊन शिकवावी, असा निरोप तुम्हीच धाडलात ना?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते छपराच्या पन्हळीकडे मोठ्या कौतुकाने बघत होते. मग माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "हो. माझाच निरोप."

"मग आत येतो," सर म्हणाले.

स्वयंपाकघरात यजमानांनी मला सगळं सांगितलं. ते नकार सांगायलाच गेले होते. दार आक्कांनी उघडलं आणि बघितल्या बघितल्या भडिमार केला, "आलात एकदाचे! गोकुळाष्टमीपासून हा पिशवी भरून बसलाय. जा म्हटलं तर म्हणतो निरोपाशिवाय जाता येत नाही. तुमच्याकडे पोस्टखातं नाही का?" यजमान पक्के कचेरीतले. नियम कळला की त्यात बसणारा अर्ज कसा लिहायचा ते त्यांना बरोबर समजतं. "मी म्हटलं, साहेब, निरोपच घेऊन आलोय. त्यांनी विचारलं, शब्द काय होते? मी म्हटलं, शिकलेलं विसरतेय, या." आणि मला म्हणाले, "खोटं होतं का?" खोटं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवला. बारा वाजून गेले होते म्हणून तो सरांनी दुधाशिवाय घेतला.

खरी परीक्षा पुढेच होती. परका पुरुष सुनेला शिकवायला घरी आलेला, आणि सासूबाई पलंगावर डोळे वटारून पडलेल्या. सर खोलीच्या दाराशी जमिनीवर बसले.

"आपले डभोईत किती पावसाळे झाले?"

"कसले पावसाळे? लग्न होऊन आले तेव्हा परकर नेसत होते. साठी उलटली आता. वेशीबाहेर राहिले नाही कधी. का?"

सर उठले. त्यांनी पलंगासमोर जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला आणि हात जोडून म्हणाले, "मग आपण थेरी आहात."

सासूबाईंनी उशीवरून मान उचलली.

"काय म्हणालात?"

"थेरी."

"सूनबाई!" सासूबाईंचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. "अगं हा बाप्या माझ्या घरात येऊन, माझ्या तोंडावर मला थेरडी म्हणतोय! माझी काठी कुठाय? ऊठ म्हणावं, नीघ! थेरडी म्हणे!"

यजमान हसू आवरेना म्हणून परसात पळाले. मला रडू आलं. संपलं, मला वाटलं. एका शब्दापायी वर्गही गेला आणि माझं शिक्षणही. सर मात्र जागचे हलले नाहीत.

"आई, ऐका. शब्द तोच आहे, मी नाकारत नाही," ते म्हणाले. "पण बुद्धाच्या वेळी ती सगळ्यांत मोठी पदवी होती. ज्या बाईने पुष्कळ पाहिलं, सोसलं आणि जी डळमळली नाही, ती थेरी. पुरुष असला तर थेर. राजेसुद्धा त्यांच्या पाया पडत. पुढे आपल्या लोकांना म्हाताऱ्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी त्याला 'डा' आणि 'डी' लावून टाकलं. यात चूक मराठीची आहे. माझी नाही, आणि तुमची तर मुळीच नाही."

काठी चाचपणारा हात सासूबाईंनी मागे घेतला. "म्हणजे आमच्या मामंजींना सगळा गाव थेरडा म्हणायचा..."

"पदवीच देत होते. त्यांना ठाऊक नव्हतं इतकंच."

सासूबाईंना आधी हुंदका आल्यासारखं झालं. मग कळलं की त्या हसताहेत. "हसवू नका हो, हाड दुखतं!" असं म्हणत त्या हसत राहिल्या. मग पदर सारखा करून हुकूम सोडला, "शिकवा काय शिकवायचं ते. पण इथे, माझ्यासमोर."

असा आमचा वर्ग सासूबाईंच्या खोलीत भरला. सर रात्री शेजारच्या वकिलांच्या माडीवर निजत, सकाळी आमच्याकडे जेवत आणि मग दाराशी बसून गाथा म्हणत. मी तांदूळ निवडत, शेंगा सोलत त्या मागून म्हणे. गाथा होत्या बुद्धाच्या वेळच्या भिक्षुणींनी, म्हणजे त्या थेरींनीच, स्वतः रचलेल्या. एक बाई म्हणत होती की मी उखळामुसळातून सुटले. सासूबाईंनी अर्थ विचारला. सरांनी सांगितला.

"ही कुठली म्हणायची?"

"कोसल देशातली असं सांगतात."

"सासरचं आडनाव काय?"

"ठाऊक नाही, आई."

"एवढं शिकलात आणि एवढंही ठाऊक नाही?" सर म्हणाले, "खरंच आहे. हे कुणीतरी विचारायला हवं होतं."

मग एके दिवशी ती गाथा आली. मेलेल्या लेकीचं नाव घेऊन रानात आक्रोश करणाऱ्या आईची. सरांनी अर्थ सांगितला आणि सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी घाबरले. माझ्या नणंदेबद्दल, जी मी कधी पाहिलीच नाही, तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. तापात गेली एवढंच मला माहीत होतं. मग भिंतीकडून आवाज आला, "पुन्हा म्हणा." सरांनी पुन्हा म्हटली. "त्या बाईचं पुढे काय झालं?" सर म्हणाले, "तिचं दुःख निवलं. काढून टाकता येतं असं तिला कळलं. तिने तसं सांगून ठेवलंय, म्हणून तर आपल्याला ठाऊक." सासूबाई म्हणाल्या, "माझीचं नाव यमू होतं." त्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. यजमान दारात उभे होते, ते तसेच खाली बसले. त्या दुपारी आम्ही सगळे यमूबद्दल बोललो. ती कशी चिंचा चोरायची, तिला डभोईच्या तळ्याचं कसं वेड होतं, सगळं. सर ऐकत होते. त्या दिवशी पुढची गाथा झाली नाही आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही.

मुभा संपली त्या सकाळी सरांनी पिशवी उचलली. एक गाथा शिल्लक राहिली होती, शेवटची आणि सगळ्यांत लांब.

"अहो, ती राहिली की!" सासूबाई म्हणाल्या. "दुपारच्या गाडीने जा. नाहीतर उद्या जा."

"एवढी लांब गाथा दुपारपर्यंत तोंडात बसत नाही, आणि उद्या नियमात बसत नाही, आई."

"मग तिचं काय?"

सरांनी मान खाली घातली. "अर्धवट राहील."

त्यांनी ती मुद्दाम ठेवली होती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. यमूच्या दुपारी एक गाथा चुकली होती हे खरं. पण सर इतके साधे नव्हते असंही मला वाटतं. सासूबाई पलंगाच्या दांडीला धरून जरा वर सरकल्या. "अर्धवट काही राहायचं नाही माझ्या घरचं. सूनबाई, दसऱ्याआधी बडोद्याला जा, ती शिकून घे आणि परीक्षा देऊन मगच ये. मला बघायला वकिलांच्या घरातली येईल. उखळमुसळ काय कुठे पळून जात नाही."

गेले. शेवटची गाथा आक्कांच्या ओसरीवर शिकले. परीक्षेच्या दिवशी मोठ्या दालनात मी एकटी, समोर प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः देखरेखीला. एका मुलीसाठी दालन उघडावं लागलं म्हणून ते कुरकुरत होते. मी लिहायला बसले आणि एक ओळ अडली नाही. माझ्या कानांत सासूबाईंचे प्रश्नही वाजत होते. अर्थ लिहिताना मी एके ठिकाणी "सासरचं नाव अज्ञात" असंही लिहून आले. सरांनी त्याला अर्धा गुण दिला.

वर्ग वाचला, पण पुढच्या जूनपर्यंतच. मी बाहेर पडणार, मग कोण? सर म्हणत, "निरोप येईल." मला त्यांची काळजी वाटायची.

इकडे डभोईत सासूबाई काठी टेकत हिंडायला लागल्या होत्या आणि हाडाची विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकीला बसवून थेरींच्या गोष्टी सांगत होत्या. आपल्या पद्धतीने, आडनावांसकट. आडनावं त्यांची त्यांनीच लावली होती. हे त्या का करत होत्या ते मला जूनमध्ये कळलं. नव्या वर्षाचा पहिला तास, मी सरांना भेटायला म्हणून सहज गेले होते. दारात मुली उभ्या होत्या. डभोईच्या वकिलांची नात, तिची मावसबहीण, मामलेदारांची मुलगी आणि त्यांच्या नादाने आलेले दोन मुलगे.

सर गोंधळून गेले. आजवर पालीचा वर्ग म्हणजे एक टेबल आणि त्याच्या दोन बाजू. खुर्च्या पुरेनात. शेवटी म्हाताऱ्या शिपायाने आणि सरांनी मिळून शेजारच्या खोलीतून बाक ओढून आणला आणि सगळे दाटीवाटीने बसले. सर उभे राहिले. पुस्तक उघडलं, मिटलं, चष्मा पुसला. पहिली ओळ म्हणून ते थांबले, मान उंचावून त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि पालीच्या वर्गात जन्मात कधी विचारायला न मिळालेला प्रश्न विचारला.

"मागे ऐकू येतंय का?"

वकिलांची नात इतकी घाबरली होती की मराठीच विसरली. उठून उभी राहिली आणि खणखणीत गुजरातीत म्हणाली, "संभळाय छे, सर!"